पायताणाचा हिशेब

कोल्हापूरच्या शिवाजी चौकाजवळ चप्पल लाईन आहे. अंबाबाईचं दर्शन झालं की परगावची माणसं इथे वळतात, दारावर टांगलेले जोड बघतात, भाव करतात आणि पिशवीत घालून पुढच्या गाडीला लागतात. विकत घेणारा समोरचा जोड पाहतो: वेणी सरळ आहे का, गोंडा नीट बसला आहे का, अंगठ्याला काचेल का. त्या जोडाला किती माणसांचे हात लागले हे दुकानात कळत नाही आणि कळायला वावही नसतो, कारण तिथे येतो तो फक्त तयार माल. दुकानाकडून उलट्या दिशेने निघालं तर कोल्हापुरातले कारखाने लागतात, मग कागल तालुक्यातलं सेनापती कापशी, हातकणंगले तालुक्यातलं माणगाव, पुढे मिरज आणि म्हैसाळ-कागवाडमार्गे कर्नाटकातलं अथणी. या वाटेवरून जाताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. कोल्हापुरी पायताणाचा कस ज्या कामांत ठरतो ती कामं गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाहीत, आणि म्हणून त्या कामांना दामही मिळत नाही. आपण हातकामाचं कौतुक करतो ते शेवटच्या टाक्याचं. त्याआधीच्या कामांना मोल मिळालं नाही, तर तो शेवटचा टाकाही टिकणार नाही.

शहरातल्या जवाहरनगर आणि सुभाषनगर भागांत चामड्याचं काम करणाऱ्यांची जुनी वस्ती आहे. चपलेची सुरुवात मात्र त्याही आधी, कच्च्या कातड्यापासून होते. ओलं कातडं आपल्या हवेत फार लवकर सडतं, म्हणून आधी त्याला मीठ चोळतात. मग ते पाण्यात भिजवून मीठ आणि रक्त काढायचं, आणि चुन्यात काही दिवस ठेवायचं. चुन्याने केसांची मुळं सुटतात आणि कातड्याचे तंतू फुगून मोकळे होतात. त्यानंतर केस आणि आतल्या बाजूचं मांस, चरबी सुरीने खरवडून काढायची. इथे सुरीचा कोन जरा चुकला तर कातड्याला चीर पडते आणि चिरलेल्या कातड्याचा चांगला तळ होत नाही. मग चुना धुऊन काढायचा, कारण चुना आत राहिला तर पुढचा रस नीट मुरत नाही. यानंतर या भागातल्या जुन्या रीतीचं खास काम येतं. कातड्याच्या कडा शिवून त्याची पिशवी करायची, ती टांगायची आणि तिच्यात बाभळीच्या सालीचा भुगा, हिरड्याची भरड आणि पाणी भरायचं. ते पाणी स्वतःच्या भाराने कातड्यातून झिरपत राहतं. खाली साठलेलं परत वर ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलट्या तोंडाने टांगायची, म्हणजे वरच्या टोकालाही तेवढाच रस मिळतो. कातडं पुरतं कमावलं गेलं की नाही हे ओळखायला कडेचा बारीक तुकडा कापून त्याचा छेद पाहतात. बाहेरचा तांबूस तपकिरी रंग गाभ्यापर्यंत उतरला असेल तर काम झालं. मध्ये फिकी रेघ दिसली तर अजून थांबायचं. हे सगळं व्हायला महिना ते दीड महिना लागतो.

हा वेळ नुसता रिवाज म्हणून घेतला जात नाही, त्याला रसायनशास्त्राचा आधार आहे. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचं दाट जाळं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. ते तंतूंना जखडून बसतं, तिथलं पाणी हटवतं, आणि मग जिवाणूंना कातडं खाता येत नाही. टॅनिनचे रेणू मोठे असल्याने ते जाड कातड्यात सावकाश शिरतात. घाई केली तर बाहेरचा थर घट्ट होऊन आतला कच्चा राहतो. आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं. फिरत्या पिंपात ते काम एक-दोन दिवसांत होतं, चामडं मऊ आणि लवचिक निघतं, आणि बुटांच्या वरच्या भागाला, पिशव्यांना ते उत्तम चालतं. पण कोल्हापुरीचा तळ मऊ असून भागत नाही. त्याला खिळा नसतो, आत पुठ्ठा नसतो. एकावर एक ठेवलेले चामड्याचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. टाका धरून ठेवेल, ओढलं तरी फारसं ताणलं जाणार नाही आणि हातोडीने ठोकल्यावर घट्ट होईल असं चामडं सालीत कमावूनच मिळतं. पायाचा घाम शोषून घेणं, वापरून गडद होत जाणं आणि काही दिवसांत त्याच एका पायाचा आकार धरणं हे कोल्हापुरीचे गुण लोक सांगतात, ते शिवणीतून आलेले नाहीत. ते पिशवीतल्या त्या दीड महिन्यातून आले आहेत.

पिशवीच्याही मागे माणसं आहेत. बाभळीची साल सोलणारे, ती वाळवून कुटणारे, आणि सह्याद्रीच्या जंगलात हिरडा वेचणारे. हिरडा झाडाखालून गोळा करायचा, उन्हात वाळवायचा, किडका निवडून टाकायचा आणि डोक्यावरून बाजाराला न्यायचा, हे काम डोंगराळ भागातल्या कुटुंबांच्या वर्षाच्या मिळकतीचा भाग असतं. पुणे जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावकडच्या महादेव कोळ्यांना विचारलं तर हिरड्याचा भाव पडला की घरात काय होतं ते ते सांगतील. चप्पल विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने या साखळीचा विचार करावा अशी अपेक्षा कुणी फारशी ठेवत नाही. पण चपलेच्या किमतीत त्यांचा वाटा कुठेतरी धरलेला असतो, आणि साखळीत जो जितका मागे असतो त्याचा वाटा तितका लहान असतो.

आता प्रश्न येतो की कोल्हापुरात असं चामडं आज किती तयार होतं. पूर्वीच्या मानाने फार थोडं. याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. पहिलं कारण चपलेशी संबंधितच नाही. विहिरीवर मोट चालत होती तेव्हा गावोगाव कमावलेल्या चामड्याला मागणी होती. मोट, पखाल, आसूड, बैलांच्या गळ्यातले पट्टे, सगळं चामड्याचं. महाराष्ट्रातलं बागायत पिढ्यानपिढ्या कातडं कमावणाऱ्यांच्या हातावर पिकलं, ही गोष्ट शेतीच्या इतिहासात यायला हवी तितकी येत नाही. तेलावरची इंजिनं आणि नंतर विजेचे पंप आले, मोट गेली, आणि कमावणाऱ्याचं मोठं गिऱ्हाईक संपलं. दुसरं कारण क्रोमचं स्वस्त चामडं. तिसरं कातड्याच्या पुरवठ्याचं. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गायींबरोबर बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली आणि कर्नाटकात २०२१ च्या सुरुवातीपासून आणखी कडक कायदा लागू झाला. या कायद्यांबद्दल कुणाचं मत काहीही असो, कच्च्या कातड्याचा स्थानिक पुरवठा आटला आणि कातड्याची वाहतूक करणाऱ्याच्या मनात धास्ती बसली. मग चामडं तमिळनाडूतून, पश्चिम बंगालमधून येऊ लागलं. बाहेरून येणारं चामडं वाईट असतं असं नाही. पण दारातला कमावणारा आणि कापणारा यांच्यात जो संवाद असायचा, की हे कातडं अजून आठवडाभर राहू दे, हे पट्ट्याला घे आणि ते तळाला, तो तुटला.

ढोर समाज हे कमावण्याचं काम करत आला. आपलं नातं तो बाराव्या शतकातल्या शरण कक्कय्यांशी सांगतो. चप्पल शिवणारा चर्मकार समाज वेगळा. चपलेबद्दल जे काही थोडंफार लिहिलं जातं, त्यात शिवणाऱ्याचा फोटो येतो, कमावणाऱ्याचा येत नाही. चुन्याच्या हौदाजवळ कॅमेरा नेणं कुणालाच सोयीचं वाटत नाही. अशा रीतीने कारागिरांमध्येही एक उतरंड तयार झाली, आणि तिच्या तळाशी असलेलं काम सर्वांत आधी कोल्हापूर सोडून गेलं. मला हा या सगळ्या प्रकरणातला निर्णायक पुरावा वाटतो. ज्या टप्प्याला मान नव्हता आणि दाम नव्हता तोच आधी कोसळला, आणि तो कोसळल्यावर ज्या टप्प्याला थोडाफार मान आहे त्याच्या पायाखालची जमीन सरकली. शिवणारा कितीही निष्णात असला तरी अर्धवट कमावलेल्या तळावर त्याचा टाका धरत नाही.

कोल्हापुरातून दक्षिणेला उतरलं की सेनापती घोरपड्यांच्या जहागिरीचं कापशी लागतं. कापशी आणि कुरुंदवाडी हे पायताणाचे दोन प्रसिद्ध घाट गावांच्याच नावाने ओळखले जातात. कापण्याचं काम पाहिलं तर हाताने काय करायचं यापेक्षा डोळ्याने काय पाहायचं हे शिकायलाच जास्त वर्षं लागतात. एका कातड्यात सगळीकडे सारखी ताकद नसते. पाठीचा आणि पुठ्ठ्याचा भाग दाट आणि टणक, पोटाकडचा सैल आणि ताणला जाणारा. तळ पाठीतून काढायचा. पट्टा अशा दिशेने कापायचा की ओढ आली तरी तो लांबणार नाही. डाव्या आणि उजव्या पायाचे तळ एकाच कातड्याच्या जुळत्या भागांतून निघाले नाहीत, तर वर्षभराने एका पायाची चप्पल दुसरीपेक्षा पसरट होते. रापीने कापणारा माणूस हा सगळा हिशेब कातड्यावरून बोटं फिरवून करतो, आणि उरलेल्या तुकड्यांतून कान, अंगठा, वेणीच्या पट्ट्या काढतो. चूक झाली तर तिचं नुकसान त्याच्या मजुरीतून जातं. पण अचूक कापण्याचा वेगळा मोबदला त्याला मिळत नाही, कारण दर जोडावर असतो. व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असली की दर ठरवण्यात त्याचा आवाज आणखी खाली जातो.

या कामांना दाम द्यावा यावर पहिला आक्षेप साधा आहे आणि तो टाळून चालणार नाही. स्वस्त चप्पल ही गरिबाची गरज आहे. रबराची किंवा रेक्झिनची चप्पल शंभर-दोनशे रुपयांत मिळते, पावसात चालते, फाटली तर दुसरी घेता येते. हातकामाला दाम द्या असं सांगणारा माणूस ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला काय सांगणार? माझं उत्तर असं की त्याला काही सांगायचंच नाही. सगळ्यांनी हातची चप्पल घालावी असा हट्ट कुणी धरू नये. रबराच्या चपलेने लाखो माणसांना अनवाणी चालण्यातून सोडवलं, ही चांगलीच गोष्ट आहे. बोलायचं आहे ते जी चप्पल कोल्हापुरी म्हणून, हाताची म्हणून विकली जाते आणि त्या नावाचे पैसे घेते तिच्याबद्दल. तिथे गिऱ्हाईक आजही रबरी चपलेच्या कितीतरी पट किंमत मोजतं. किंमत थोडी वाढेलही, पण मुख्य मुद्दा आहे त्या किमतीच्या वाटणीचा. दुसरं असं की जाड तळाची, वादीने शिवलेली चप्पल दुरुस्त होते. टाका उसवला तर पुन्हा घालता येतो, अंगठा तुटला तर नवा बसवता येतो. वर्षांच्या हिशेबात ती वाटते तितकी महाग पडत नाही. मात्र रेक्झिनवर सोनेरी छाप मारून कोल्हापुरी म्हणून विकली जाणारी चप्पल किंमत आणि टिकाऊपणा या दोन्ही बाजूंनी गिऱ्हाइकाला नागवते, आणि खऱ्या कारागिराचा दर पाडते. खरी ओळखायची तर तळाची कड पाहावी: चामड्याचे थर एकजीव तंतूंचे दिसतात, पुठ्ठा किंवा फोम दिसत नाही, शिवण वादीची असते, आणि वास रसायनाचा न येता सालीचा येतो.

बाजारच किंमत ठरवतो, त्यात ढवळाढवळ कशाला, असंही म्हटलं जातं. पण या कामाची किंमत खुल्या बाजाराने कधी ठरवलीच नव्हती. गावगाड्यात चांभार बलुतेदार होता. मोटेची दुरुस्ती, वहाणा, आसूड यांच्या बदल्यात त्याला सुगीला खळ्यावरून धान्य मिळायचं, आणि किती मिळावं हे ठरवणारा तो नव्हता. काम सोडून दुसरं करण्याची मुभा जातीने ठेवलेली नव्हती. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या श्रमाचा दर हा बाजारभाव होत नाही. बलुतं गेलं, रोख आला, पण पडेल तो दर घेण्याची सक्ती उधारीच्या आणि उचलीच्या रूपात बरीचशी तशीच राहिली.

माणगावला आल्यावर सर्वांत कठीण आक्षेप समोर उभा राहतो. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी या गावात अस्पृश्यांची परिषद भरली. छत्रपती शाहू महाराज तिथे आले आणि तरुण डॉ. आंबेडकर हेच तुमचे पुढारी होतील असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. याच शाहू महाराजांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि तिथला चहा स्वतः घेऊन दाखवला. चपलेच्या धंद्यालाही त्यांच्या काळात राजाश्रय मिळाला. पुढे बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढण्याचं, सोलण्याचं काम सोडून द्या असं सांगितलं. त्यात उत्पन्न आहे, ते कशाला सोडता, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात उत्तर दिलं: उत्पन्न एवढं असेल तर ते काम तुम्ही करा. मग आज हातकामाचं मोल सांगणारा लेखक नकळत त्याच माणसांना त्याच चुन्याच्या हौदाकडे परत पाठवत नाही का? ज्या घरातला मुलगा शिकून शिक्षक झाला, मुलगी परिचारिका झाली, त्या घराला कला मरते म्हणून हळहळ ऐकवायची का?

मुळीच ऐकवू नये. ज्याला बाहेर पडायचं आहे त्याच्या वाटेत कलेच्या नावाने कुणी उभं राहू नये. बाबासाहेबांच्या उत्तरात मात्र आणखी एक गोष्ट आहे आणि ती या लेखाच्या बाजूची आहे. काम घाणेरडं म्हणून ते करणाऱ्याला खाली लेखायचं आणि त्याच कामाचा माल मात्र हौसेने वापरायचा, ही जी लबाडी आहे, तिच्यावर ते बोट ठेवतात. कामाचं मोल करणं आणि माणसाला त्या कामाशी बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, किंबहुना एकमेकींच्या विरुद्ध आहेत. बांधून घातलं होतं म्हणूनच काम फुकटात किंवा पसाभर धान्यात होत होतं. ज्या दिवशी चामडं कमावण्याला इतका मोबदला मिळेल की कुठल्याही जातीचा तरुण ते शिकायला येईल, त्या दिवशी ते जातीचं काम उरणार नाही. आणि हात जपायचे म्हणजे उघडे हात चुन्यात घालायचे असंही नाही. हातमोजे, उंच ओटे, फिरती पिंपं, चुन्याचं पाणी नदीत न सोडता ते साफ करण्याची सोय, हे सगळं आणलं तरी सालीतलं चामडं सालीतलंच राहतं. त्यातलं कौशल्य उकिडवं बसण्यात कधीच नव्हतं; छेद पाहून अजून चार दिवस थांब म्हणण्यात होतं.

मिरज या वाटेवर लागतं तेव्हा एक तुलना टाळता येत नाही. इथल्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात, आणि २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ही कला एकोणिसाव्या शतकात ज्या घराण्यांनी उभी केली ती मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. आज तिथल्या वाद्यावर करणाऱ्याचं नाव असतं, मैफलीतला गवई ते नाव ओळखतो, जवारी बिघडली तर त्याच माणसाकडे येतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे तंबोऱ्यासाठी भोपळा पिकवणारा शेतकरी तिथेही झाकलेलाच राहतो, हे खरं; पण निदान घडवणारा आणि वापरणारा यांच्यात नाव आहे. कोल्हापुरी जोडावर बहुधा दुकानाचं नाव असतं. एकाच पट्ट्यातल्या दोन हातकामांत हा फरक का पडला, याचं उत्तर कौशल्यात सापडत नाही. एक वस्तू मांडीवर घेतली जाते आणि दुसरी पायात घातली जाते. पायाला लागणाऱ्या वस्तूचा कमीपणा आपण ती करणाऱ्याला चिकटवला.

कागवाड ओलांडून अथणीला पोचलं की मराठी आणि कानडी एकाच वाक्यात ऐकू येतात, आणि पायताणाचं कामही दोन्ही राज्यांचं आहे हे दिसतं. कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत ते याचमुळे. अथणी तालुक्यातल्या घरांत कामाची वाटणी ठरलेली असते. तळ कापणं, ठोकणं, जोडणं पुरुषांकडे. वेणी घालणं, पट्ट्याची बारीक शिवण, नक्षी, गोंडा स्त्रियांकडे. ज्या वेणीवरून गिऱ्हाईक जोड निवडतं ती बहुतेक वेळा स्त्रीच्या हातची असते. पातळ चामड्याच्या अरुंद पट्ट्या सारख्या रुंदीच्या कापायच्या, ओल्या असताना गुंफायच्या, आणि ओढ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी ठेवायची. सैल पडली तर वेणी वाळल्यावर उघडते, जास्त ओढली तर पट्टी तुटते. हे काम स्वयंपाक आणि पाणी यांच्या मधल्या वेळात घरातच होतं, म्हणून ते काम असं मोजलं जात नाही. व्यापारी घरातल्या पुरुषाला जोडामागे पैसे देतो आणि तिची मजुरी त्यातच गेली असं धरलं जातं. या भागात समगार हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांची कथा घरोघरी माहीत आहे: बसवेश्वरांबद्दलच्या कृतज्ञतेपोटी दोघांनी आपापल्या मांडीच्या कातड्याची पायताणं त्यांच्यासाठी केली. कथेने बायकोचा वाटा नावासकट सांगितला. आजच्या पावतीवर तो नाही.

अथणीतच याचा उलटा दाखलाही आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस इथे स्त्रियांचे बचतगट उभे राहिले आणि त्यांच्या मालकीची टोहोल्ड ही संस्था निघाली. वेणीचं काम स्त्रीच्या नावावर मोजलं गेलं, परदेशात माल गेला. अशा संस्थांच्या वाटेत बाजारातले चढउतार येतात आणि यश कायमचं नसतं, हे मान्य. तरी त्यांनी एक शंका खोडून काढली: घरातल्या कामाचा वेगळा हिशेब ठेवता येत नाही, ही.

आता मानांकनाकडे आणि मिलानकडे. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं जाहीर झालं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन सोहळ्यात कोल्हापुरीसारख्याच चपला आणल्या, त्यात कोल्हापूरचा उल्लेख नव्हता, आणि इथे संताप झाला. कंपनीने नंतर मूळ मान्य केलं, तिची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २,००० जोड, किंमत एका जोडाला सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या पुढे. हा संताप योग्यच होता. पण तो नावासाठी आणि घाटासाठी होता. मानांकनही नावाचं रक्षण करतं. मजुरीबद्दल त्यात काही नाही, साल कुटणाऱ्याबद्दल तर नाहीच. ८०० युरोच्या आकड्याने एक गोष्ट सिद्ध केली, की हातकामाला कुणी जास्त पैसे देत नाही हे म्हणणं खोटं आहे. पैसे देणारे आहेत. ते साखळीत कुठपर्यंत उतरतात एवढाच प्रश्न आहे, आणि तो प्रश्न इटालियन कंपनीला विचारायचा तर आपल्या चप्पल लाईनीला आणि आपल्या प्रदर्शनांनाही विचारावा लागेल.

महाराष्ट्राच्या महामंडळाने २०२५ मध्ये अस्सल कोल्हापुरीसाठी क्यूआर कोडची सोय जाहीर केली. मोबाइलवर तो पाहिला की कारागिराचं किंवा गटाचं नाव, ठिकाण, बनवण्याची पद्धत आणि कच्चा माल कळावा अशी त्यामागची कल्पना आहे. मिरजेच्या वाद्यावर असतं तसं नाव पायताणावर येण्याची ही पहिली खरी संधी आहे, आणि ती अर्धवट वापरू नये. त्या कोडमध्ये चामडं कुठे आणि कुणी कमावलं आणि वेणी कुणी घातली हे दोन रकाने असावेत, आणि वेणीची मजुरी ती घालणाऱ्या स्त्रीच्या खात्यावर वेगळी जमा व्हावी. सरकारचं प्रशिक्षण शिवणीबरोबर कमावण्याचंही असावं, आणि कोल्हापूर-अथणीच्या पट्ट्यात सालीतलं चामडं करणारा, सांडपाणी साफ करणारा एक तरी सामाईक कारखाना दोन्ही राज्यांनी मिळून चालवावा. हे होईपर्यंत कोल्हापुरी घेणाऱ्यांनी दुकानदाराकडे तळाचं चामडं कुठलं हे आग्रहाने विचारावं, आणि ज्याला ते सांगता येतं त्याच्याशी भाव करू नये.